महागडी केबल आणि जाहिरातीतून गळालेला आकडा

बंगळुरूच्या एस. पी. रोडवर, म्हणजे सदर पत्रप्पा रस्त्यावरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तांब्याची दुपदरी स्पीकर-वायर मीटरवर मोजून मिळते. दुकानदार ती कापतो, गुंडाळतो आणि गिऱ्हाइकाच्या हाती देतो. उंची श्रवणयंत्रणांच्या बाजारात तेच काम करणारी केबल मखमली अस्तराच्या पेटीतून येते आणि तिची किंमत पहिलीच्या कित्येक शेकडा पट असू शकते. दोन्हींचे काम एकच : अँप्लिफायरमधून निघालेला विद्युत संकेत स्पीकरपर्यंत पोहोचविणे. दुसरी केबल हे काम इतके चांगले करते काय, की तिच्यासाठी महिन्याचा पगार मोजावा?

प्रश्न चैनीचा वाटतो, पण विज्ञानाच्या विद्यार्थ्याने त्याकडे दुर्लक्ष करू नये. कारण या केबली मंत्रतंत्राच्या भाषेत विकल्या जात नाहीत. त्यांच्या माहितीपत्रकांत ऑक्सिजनमुक्त तांबे, चांदीची वाहकता, स्किन इफेक्ट, धारिता असे पाठ्यपुस्तकातले शब्द ओळीने येतात आणि त्यांतला प्रत्येक परिणाम भौतिकशास्त्रात खरोखरच आहे. खोट आहे ती वेगळ्या ठिकाणी. परिणामाचे नाव ठळक अक्षरांत छापले जाते. तो परिणाम किती, हा आकडा मात्र छापला जात नाही. म्हणून तो आकडा प्रथम काढून पाहावा.

अडीच चौरस मिलिमीटर छेदाची साधी तांब्याची वायर घ्या. स्पीकर तीन मीटरवर असेल तर जाण्यायेण्याची लांबी सहा मीटर. तांब्याची रोधकता ध्यानात घेता या वायरचा रोध सुमारे ०.०४ ओहम येतो. आठ ओहमच्या स्पीकरला जोडल्यावर तिच्यामुळे ध्वनिपातळीत होणारी घट ०.०५ डेसिबलहूनही कमी. स्पीकरचा रोध प्रत्येक वारंवारतेला सारखा नसतो हे खरे. पण तो चार ओहमपर्यंत उतरला तरी घट ०.०९ डेसिबलच्या पुढे जात नाही. माणसाच्या कानाला पातळीतला फरक साधारणपणे एक डेसिबलच्या आसपास जाणवू लागतो; अतिशय अनुकूल परिस्थितीत, सरावलेल्या कानाला काही दशांश डेसिबलचा. म्हणजे मीटरवर मिळणाऱ्या वायरनेच कानाची मर्यादा ओलांडलेली आहे. तिच्यापुढे सुधारायला उरते ते शून्याच्या जवळचे काहीतरी.

आता चांदी. तांब्यापेक्षा चांदीची वाहकता सुमारे सहा टक्क्यांनी जास्त. तांब्याच्या वायरचा छेद सहा टक्क्यांनी वाढविला की हा लाभ संपला. ऑक्सिजनमुक्त तांबे आणि विजेच्या कामात नेहमी वापरले जाणारे तांबे यांच्या वाहकतेतील फरक एका टक्क्याच्या आसपासचा. हे तांबे निरुपयोगी आहे असे मुळीच नव्हे. रडारसाठी लागणाऱ्या मायक्रोवेव्ह नलिकांवर संशोधन करणारे डीआरडीओचे केंद्र बंगळुरूतच आहे, आणि अशा नलिकांत ऑक्सिजनमुक्त तांबेच लागते. कारण तेथे कमालीचे निर्वात टिकवायचे असते आणि हायड्रोजनच्या वातावरणात जोडकाम करताना साधे तांबे ठिसूळ होते. दिवाणखान्यातल्या केबलमध्ये ना निर्वात आहे, ना हायड्रोजनची भट्टी.

स्किन इफेक्टची गोष्टही तशीच. वारंवारता वाढली की प्रवाह वाहकाच्या पृष्ठभागाकडे सरकतो. २० किलोहर्ट्झला, म्हणजे तरुण निरोगी कानाच्या वरच्या सीमेला, तांब्यातली ही खोली सुमारे ०.४७ मिलिमीटर असते. त्यामुळे वर घेतलेली वायर एकसंध असती तर तिचा रोध त्या टोकाला सुमारे पाव हिश्शाने वाढला असता. पाव हिस्सा हा शब्द भीतिदायक वाटतो, पण ०.०४ ओहमचा पाव हिस्सा म्हणजे ओहमचा शंभरावा भाग. टक्केवारी कशाची, हे न सांगता सांगितलेली टक्केवारी ही जाहिरातीची जुनी युक्ती आहे.

उपकरणे परस्परांना जोडणाऱ्या केबलींच्या बाबतीत धारितेचा मुद्दा काढला जातो. सामान्य केबलची धारिता मीटरला १०० पिकोफॅरडच्या घरात असते. दोन मीटर केबल आणि एक किलोओहम स्रोतरोध धरला तर उच्च वारंवारतांची घट सुरू होते ती सुमारे ८०० किलोहर्ट्झला, कानाच्या सीमेच्या चाळीस पट पलीकडे. काही केबलींवर ‘प्रवाहाची दिशा’ दाखविणारे बाण छापलेले असतात. १००० हर्ट्झच्या स्वरात प्रवाह दर सेकंदाला दोन हजार वेळा दिशा बदलतो. त्याने बाणाची आज्ञा पाळायची तर संगीत थांबवावे लागेल.

याहून साधा एक युक्तिवाद आहे, ज्याला गणितही लागत नाही. संकेत महागड्या केबलच्या टोकाला पोहोचल्यावर कोठे जातो? स्पीकरच्या पेटीत. तेथे तो वेटोळ्यांतून आणि शेवटी व्हॉइस कॉइलच्या बारीक वायरीतून फिरतो. आठ ओहमच्या स्पीकरच्या या वेटोळ्याचा रोध बहुधा सहा ओहमच्या आसपास असतो, म्हणजे बाहेरच्या साध्या केबलच्या दीडशे पट. ती वायर बाहेरच्या केबलहून कितीतरी बारीक आणि साधीच असते. तीच गोष्ट भिंतीतल्या सॉकेटपासून उपकरणापर्यंतच्या दोन मीटरच्या ‘ऑडिओफाइल’ पॉवर कॉर्डची. शिवनसमुद्रच्या जलविद्युत केंद्रातून १९०२ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज मिळाली आणि १९०५ मध्ये बंगळुरूच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. तेव्हापासून या शहराची वीज लांबून येत आहे. आज ती शेकडो किलोमीटर पोलादी गाभ्याच्या ॲल्युमिनियम वाहकांतून, अनेक ट्रान्सफॉर्मरांतून, गल्लीतल्या खांबांवरून आणि भिंतीतल्या साध्या वायरिंगमधून येते. एवढ्या प्रवासात जे काही बिघडायचे ते शेवटच्या दोन मीटरांत दुरुस्त होईल, ही अपेक्षा कोणत्या नियमात बसते?

याचा अर्थ केबलला महत्त्वच नाही, असा काढणे तितकेच अशास्त्रीय ठरेल. अर्धा चौरस मिलिमीटरची बारीक वायर दहा मीटर अंतरावरच्या चार ओहम स्पीकरला जोडली तर घट एक डेसिबलच्या वर जाते, आणि स्पीकरचा रोध वारंवारतेनुसार बदलत असल्याने स्वराचा तोलही ढळू शकतो. हा फरक खरा आहे. कमअस्सल आवरणाच्या केबलमध्ये विजेची घरघर शिरते, गंजलेल्या जोडणीतून खरखर येते, रंगमंचावरच्या मायक्रोफोनला संतुलित केबलच हवी. योग्य जाडी, नीट आवरण, घट्ट जोडणी : या तीन गोष्टींसाठी चार पैसे अधिक मोजणे हा शहाणपणा आहे. मात्र त्या तीनही गोष्टी साध्या, मजबूत केबलीत मिळतात.

केबलच्या गुणवत्तेचा इतिहासही हेच शिकवितो. १८५८ मध्ये आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांच्यामध्ये अटलांटिकच्या तळाशी टाकलेली पहिली तारायंत्राची केबल सुमारे तीन आठवड्यांत निकामी झाली. त्याच्या आदल्याच वर्षी विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी बाजारात मिळणाऱ्या तांब्याच्या नमुन्यांची वाहकता मोजली होती आणि त्यांत मोठी तफावत असल्याचे दाखवून दिले होते. हजारो किलोमीटर लांबीच्या केबलमध्ये ही तफावत निर्णायक होती. म्हणून पुढच्या केबलींसाठी तांब्याच्या शुद्धतेची अट आली. १८७० मध्ये मुंबई समुद्री केबलीने लंडनशी जोडली गेली, ती या धड्यानंतर. शुद्ध तांब्याचा आग्रह तेव्हा योग्य होता, कारण तो मोजमापातून आला होता आणि अंतर तीन मीटर नव्हते.

आजचे उदाहरण बंगळुरूपासून थोड्याच अंतरावर आहे. ब्याललु येथे इस्रोची ३२ मीटर व्यासाची अँटेना चंद्रापलीकडून येणारे क्षीण संकेत टिपते. अशा अँटेनांच्या ग्राहक यंत्रणेचा अंगभूत गोंगाट काही दशक केल्विनांत मोजला जातो. अँटेना आणि पहिला अँप्लिफायर यांच्यामध्ये खोलीच्या तापमानाला केवळ ०.१ डेसिबलची हानी झाली तरी त्यात सुमारे सात केल्विनांची भर पडते. म्हणून तो अँप्लिफायर होता होईतो अँटेनाच्या निकट बसवितात आणि मधल्या प्रत्येक जोडणीचा हिशेब ठेवतात. घरात नगण्य ठरणारा एक दशांश डेसिबल तेथे मौल्यवान आहे. फरक केबलच्या श्रीमंतीत नाही; ज्या कामासाठी ती वापरायची त्या कामाच्या गरजेत आहे.

येथे श्रवणप्रेमींचा एक आक्षेप येतो, आणि तो आदराने ऐकायला हवा. ते म्हणतात, उपकरणांना जे मोजता येत नाही ते कानाला ऐकू येते. भारतीय संगीताच्या संदर्भात या म्हणण्याला वजन आहे. तंबोऱ्याच्या घोडीवर, तारेखाली ठेवलेला सुताचा बारीक धागा केसभर सरकला की जवारी खुलते किंवा मिटते, हे मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांना कोणत्याही यंत्राविना कळत आले आहे. पण विज्ञानाने या कानाचा अवमान केला नाही. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी सिवकाली कुमार यांच्यासह १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये दाखविले की मृदंग-तबल्यावरच्या शाईमुळे चामड्याचे बेसूर कंपन सुरेल उपस्वरांच्या मालिकेत बसते. वर्षभराने त्यांनी वीणा-तंबोऱ्याच्या घोडीचा अभ्यास मांडला. आणि बंगळुरूला भारतीय विज्ञान संस्थेत आल्यानंतर, १९३४ मध्ये, भारतीय चर्मवाद्यांवर सविस्तर निबंध लिहिला. वादकाच्या कानाला जे जाणवत होते ते मोजमापात उतरले, कारण ते होते. कान सूक्ष्म आहे, हे रामन यांच्या कामाने अधिकच ठसते.

मग केबलच्या बाबतीतही कानालाच पंच नेमावे. दुहेरी अंध चाचणी नेमके तेच करते. तिच्यात कोणतेही उपकरण निवाडा देत नाही. निवाडा श्रोत्याचा कानच देतो. अट एवढीच की कोणती केबल वाजत आहे हे श्रोत्यालाही कळू नये आणि चाचणी घेणाऱ्यालाही. १९८२ मध्ये डेव्हिड क्लार्क यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात या पद्धतीचे यंत्र मांडले : ‘अ’ ऐका, ‘ब’ ऐका, मग ‘क्ष’ ऐका आणि तो दोघांपैकी कोणता ते सांगा. ज्याला जमीन-अस्मानाचा फरक ऐकू येतो त्याला ही परीक्षा सोपी जायला हवी. प्रत्यक्षात किंमत आणि नाव दृष्टीआड झाले की तो फरक विरतो, हा अनुभव पुनःपुन्हा आला आहे. केबलच कशाला, फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये स्पीकरांवर केलेल्या प्रयोगात, स्पीकर समोर दिसत असताना दिलेले गुण आणि पडद्याआड असताना दिलेले गुण लक्षणीयरीत्या वेगळे निघाले. आणि स्पीकरांत तर खरोखरीचे, सहज ऐकू येणारे फरक असतात.

२००७ मध्ये अमेरिकेतील जेम्स रँडी यांनी पेअर केबल या कंपनीच्या बारा फुटी केबलजोडीबद्दल जाहीर आव्हान दिले. तिची किंमत होती ७,२५० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने पावणेतीन ते तीन लाख रुपये. साध्या चांगल्या केबलपेक्षा ती न पाहता ओळखून दाखवा आणि दहा लाख डॉलर घेऊन जा, असे ते आव्हान होते. पुढे बोलणी फिसकटली आणि चाचणी झालीच नाही. न झालेल्या चाचणीने काही सिद्ध होत नाही, हे मान्य. पण विकणाऱ्याला स्वतःच्या मालाची अशी चाचणी घेण्यास कोणाच्याही आव्हानाची गरज नसते. ती स्वस्त आहे, एका दुपारी होते, आणि यशस्वी झाली तर तिच्याइतकी प्रभावी जाहिरात दुसरी नाही. माहितीपत्रकांत ती आढळत नाही, हेच पुरेसे बोलके आहे.

तरीही महागडी केबल लावल्यावर संगीत अधिक गोड लागते असे सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो. २००८ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी एकच वाइन वेगवेगळ्या किमती सांगून लोकांना पाजली. जास्त किमतीची म्हणून दिलेली वाइन त्यांना अधिक आवडली आणि मेंदूतील सुखानुभवाशी निगडित भागाची क्रियाही वाढलेली दिसली. आनंद खरा होता. त्याचे कारण पेल्यात नव्हते. स्वतःच्या पैशाने असा आनंद विकत घेण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. आक्षेप आहे तो श्रद्धेचा माल भौतिकशास्त्राचे लेबल लावून विकण्याला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आणि त्याखालील २०२२ ची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीची मार्गदर्शक तत्त्वे वस्तुनिष्ठ दाव्याला आधार असावा अशीच अपेक्षा करतात. ‘स्वर अधिक स्पष्ट होतो’ हा दावा वस्तुनिष्ठ असेल तर आधार दाखवावा. नसेल तर तसे म्हणावे.

बंगळुरूला दाव्यांची परीक्षा घेण्याची परंपरा आहे. १९७४ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथातील विमानांची परीक्षा केली. त्यांनी ग्रंथाची टिंगल केली नाही. दिलेली मापे घेतली, हिशेब मांडला आणि ही याने उडू शकत नाहीत असा निष्कर्ष काढला. १९७६ मध्ये बंगळूर विद्यापीठाचे कुलगुरू, भौतिकशास्त्रज्ञ एच. नरसिंहय्या यांनी चमत्कार आणि तपासता येण्याजोग्या अंधश्रद्धा यांच्या चौकशीसाठी समिती नेमली. त्याच वर्षीच्या ४२ व्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विकास हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून संविधानात आले. महाराष्ट्रात नरेंद्र दाभोलकरांनी हाच आग्रह गावोगाव नेला.

त्या लढ्यांपुढे केबलचा प्रश्न किरकोळ आहे. तिच्यामुळे कोणाचा बळी जात नाही. पण एका अर्थी तो अधिक अवघड आहे. भोंदू बाबाचा दावा सुशिक्षिताला दुरून ओळखू येतो. केबलचा दावा अभियंत्यांच्या भाषेत, अभियंत्यांच्या शहरात, अभियंत्यांनाच केला जातो. ओहमचा नियम शिकलेला माणूस तो वापरण्याचे विसरतो आणि ‘स्किन इफेक्ट’ हा शब्द ऐकून मान डोलावतो. जी सवय केबल विकत घेताना सुटते ती ‘क्वांटम’ ताईत, ‘चुंबकीय’ पाणी आणि ‘वैज्ञानिकदृष्ट्या सिद्ध’ औषध घेतानाही सुटते, आणि तेथे किंमत पैशांपुरती राहत नाही.

पैसे खर्च करायचेच असतील तर कोठे करावेत, याचेही उत्तर गणित देते. पाच मीटर लांब, चार मीटर रुंद, तीन मीटर उंच अशी खोली घ्या : गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती, मोठ्या काचा. नव्या सदनिकांत अशा खोल्या सर्रास दिसतात. तिच्या पृष्ठभागांचे सरासरी ध्वनिशोषण पाच टक्के धरले तर वॉलेस सॅबिन यांच्या सूत्रानुसार ध्वनी विरायला सुमारे दोन सेकंद लागतात. जाड पडदे, सतरंजी, पुस्तकांची कपाटे आणि गाद्यागिरद्या यांनी शोषण वीस टक्क्यांवर नेले की हा काळ अर्ध्या सेकंदावर येतो. हा फरक डोळे मिटूनही कळतो आणि त्यासाठी चांदीची वायर लागत नाही. खोलीनंतर स्पीकर, त्यानंतर बाकीची उपकरणे, आणि सर्वांत शेवटी केबल असा खर्चाचा क्रम असावा.

ज्यांना हे सारे पटत नाही त्यांच्यासाठी, आणि ज्यांना फार सहज पटले त्यांच्यासाठीही, एक प्रयोग आहे. कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तो करता येईल. दोन केबली घ्याव्यात आणि दोन्हींची ध्वनिपातळी ०.१ डेसिबलच्या आत जुळवून घ्यावी, कारण किंचित मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो. एका विद्यार्थ्याने दुसऱ्या खोलीत नाणे उडवून केबल निवडावी आणि नोंद ठेवावी. श्रोत्यापाशी दुसऱ्याच विद्यार्थ्याने बसावे, ज्याला निवड ठाऊक नाही. सोळा फेऱ्या घ्याव्यात. केवळ अंदाजाने बारा किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांहून थोडी कमी असते. मात्र पंचवीस-तीस विद्यार्थ्यांचा वर्ग असेल तर त्यांतला एखादा निव्वळ नशिबाने उत्तीर्ण होईल हेही आधीच ध्यानात ठेवावे आणि त्याची परीक्षा पुन्हा घ्यावी. दुसऱ्यांदाही तो यशस्वी झाला तर वायरचा रोध, धारिता, जोडणी यांत कारण शोधावे. ते सापडेल, जसे शाईचे आणि जवारीचे सापडले.

जेथे परिणामाचे नाव सांगितले जाते आणि आकडा सांगितला जात नाही, तेथे ‘किती?’ असे विचारावे. विकणाऱ्याला उत्तर देता आले नाही, तर खिशातले पैसे खिशातच ठेवावेत.